सदाफुली लावा, पण पान तोंडात नको

घरात कुंडीला जागा नाही, कामावरून आल्यावर झाडांकडे बघायला वेळ नाही, असे आमच्या बऱ्याच भगिनी म्हणतात. त्यांना आम्ही सदाफुली लावायला सांगतो. हिलाच कोणी बारमाशी म्हणतात. ही मूळची मादागास्कर बेटावरची. समुद्रकाठची वाळू, खारा वारा आणि कडक ऊन तिला सवयीचे. म्हणून मुंबईत आणि कोकणात ती भिंतीच्या फटीतसुद्धा तग धरते. गुलाबाचे नखरे सर्वांना कुठे परवडतात?

रोप विकत आणू नका. शेजारणीच्या झाडाला जोडीने लागलेल्या बारीक शेंगा पिवळट झाल्या की फुटण्याआधी तोडून घ्या. आतले काळे बी रुजायला अंधार लागतो. ते उघडे राहिले तर नीट उगवत नाही. वर पातळ मातीचा थर द्या. डबा कोणताही चालेल, मात्र तळाला चार-पाच भोके हवीतच. निम्मी माती, बाकी रेती आणि मूठभर जुने शेणखत पुरे. खत जास्त झाले की पाने माजतात, फुले कमी येतात. रोप वीतभर झाले की शेंडा खुडा म्हणजे फांद्या फुटतील. दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा द्या.

आम्ही पाहिलेल्या मेलेल्या सदाफुल्यांपैकी बहुतेक पाण्याने मेल्या. सकाळी नळ आला की एक तांब्या, तांदूळ धुतले की दुसरा, असे करू नका. बोट मातीत खुपसून पाहा. वरची माती कोरडी लागली तरच पाणी घाला. माती ओली असून झाड मान टाकत असेल तर मुळे कुजत आहेत असे समजा. पावसाळ्यात डबा पागोळीखालून हलवा.

पांढरा पिठ्या ढेकूण पडला तर साबणाच्या पाण्याने फडक्याने पुसून काढा. परंतु फुलांच्या जागी बारीक हिरवी पानेच येऊ लागली तर तो रोग तुडतुड्यांमार्फत पसरतो आणि त्याला औषध नाही. ते झाड मुळासकट उपटून टाका.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते. साखरेच्या आजारावर सदाफुलीची पाने चावून खाण्याची पद्धत आपल्या वस्त्यांत आहे. काहीजण तर डॉक्टरांच्या गोळ्या बंद करून पानांवर राहतात. जमैकातही लोक याच समजुतीने पानांचा काढा घेत. कॅनडातील संशोधकांनी तो उंदरांना टोचून पाहिला. साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतक्या घटल्या की उंदीर जंतुसंसर्गाने दगावले. त्यातूनच १९५८ साली कर्करोगावरील विनब्लास्टिन हाती आले. पुढे याच झाडापासून मिळालेले व्हिन्क्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर वापरात आले. ही औषधे डॉक्टर रक्त तपासून, अगदी मोजून शिरेतून देतात, तरीही हातापायांना मुंग्या येतात. मग सकाळी उपाशीपोटी चार पाने की सहा, हे आपण कशाच्या आधारावर ठरवणार?

घरात गरोदर बाई असेल तर विशेष सांभाळा. रांगते मूल असेल तर डबा उंचावर, खिडकीच्या गजाला तारेने पक्का बांधून ठेवा, आणि शेंडे खुडल्यावर हात साबणाने धुवा.