विश्लेषण : लाखभराचा सफाई रोबो घेताना पैसे नेमके कशाचे मोजावेत?

महागड्या रोबो व्हॅक्यूमच्या जाहिरातीत सर्वात ठळक असतो तो ‘पास्कल’चा आकडा. पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा नसतो, फरशी असते. ती रोज झाडली जाते आणि पुसलीही जाते. त्यामुळे इथल्या ग्राहकाने आधी पोछा, डॉक आणि विक्रीनंतरची सेवा या तीन गोष्टी ताडून पाहायला हव्यात. पास्कलचा क्रमांक त्यानंतर लागतो.

हा बाजार इथवर कसा आला?

घरगुती सफाई रोबो ही कल्पना पाव शतक जुनी आहे. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने ‘ट्रायलोबाइट’ २००१ मध्ये विक्रीस आणला. पाठोपाठ २००२ मध्ये अमेरिकेच्या आयरोबोटचा ‘रूम्बा’ आला आणि अनेक देशांत रोबो व्हॅक्यूमला लोक रूम्बा याच नावाने ओळखू लागले. सुरुवातीचे रोबो आंधळ्या कोशिंबिरीसारखे आपटत, वळत, फिरत. २०१० मध्ये ‘नीटो’ने फिरत्या लेझरने खोलीचा नकाशा काढणारा रोबो बाजारात आणला. पुढे हीच पद्धत रुळली.

आज महागड्या गटात रोबोरॉक, इकोव्हॅक्स, ड्रीमी आणि नारवाल या चिनी कंपन्यांचा वरचष्मा आहे. भारतात मिलाग्रो, युरेका फोर्ब्स यांचेही पर्याय मिळतात. ढोबळमानाने पाहिले तर झाडणारा आणि ओले फडके ओढत नेणारा साधा रोबो २० ते ३० हजारांत येतो. स्वतःचा कचरा रिकामा करणारा आणि पोछा धुणारा रोबो ५० हजारांच्या पुढे जातो आणि सर्व सोयींनी युक्त मॉडेल लाखाच्या घरात पोहोचते. प्रश्न या मधल्या फरकाचा आहे. जास्तीचे ५०-६० हजार रुपये नक्की कशासाठी जातात?

‘२० हजार पास्कल’ म्हणजे किती?

पास्कल हे दाबाचे एकक. वातावरणाचा दाब सुमारे १,०१,३२५ पास्कल असतो. म्हणजे २०,००० पास्कलचे सक्शन हा त्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. हा आकडा सहसा हवेचा प्रवाह अडवून मोजलेला कमाल दाब असतो. व्हॅक्यूमच्या नळीचे तोंड तळहाताने बंद केले की दाब सर्वाधिक वाढतो, पण त्या क्षणी धुळीचा एक कणही आत जात नाही. धूळ वाहून नेतो तो हवेचा प्रवाह, आणि त्याचा आकडा खोक्यावर क्वचितच छापलेला असतो.

दुसरे गणित बॅटरीचे. अनेक मॉडेलमध्ये १४.४ व्होल्टची ५,२०० ते ६,४०० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे सुमारे ७५ ते ९० वॅट-तास. एवढ्यावर रोबो दोन-अडीच तास चालवायचा तर सरासरी ३०-४० वॅटच हाताशी उरतात. त्यातच चाके, ब्रश, लेझर आणि प्रोसेसर भागवायचे. सॉकेटवर चालणाऱ्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर शेकडो वॅटची असते. जाहिरातीतला कमाल पास्कल मिळतो तो सर्वात जोरदार मोडमध्ये, आणि त्या मोडमध्ये बॅटरी लवकर उतरते.

गालिच्याच्या तंतूंत रुतलेली धूळ काढायला जास्त सक्शन उपयोगी पडते, हे खरे. मात्र व्हिट्रिफाइड टाइल, कोटा किंवा संगमरवरावर धूळ वरच बसलेली असते. तिथे १०,००० आणि २०,००० पास्कलमधला फरक डोळ्यांना दिसणे कठीण. लांब केस गुंतू न देणारा ब्रश आणि कोपऱ्यापर्यंत पोहोचणारा बाजूचा ब्रश यांचा फरक मात्र आठवडाभरात कळतो.

मग पोछा कोणता चांगला?

खरी तुलना इथे सुरू होते. बाजारात तीन प्रकार आहेत.

पहिला, रोबोच्या पोटाखाली लावलेले सपाट फडके. काहींत ते थरथरते. रोजची बारीक धूळ पुसायला ते पुरते, पण स्वयंपाकघरातला तेलकट थर किंवा वाळलेला चहाचा डाग सहसा जात नाही. शिवाय पहिल्या खोलीत मळलेले फडके शेवटच्या खोलीपर्यंत तसेच फिरते.

दुसरा, गोल फिरणारी दोन पॅड. ती फरशीवर दाबली जाऊन घासतात आणि मधूनमधून डॉकवर जाऊन धुऊन येतात. महागड्या मॉडेलमध्ये एक पॅड बाहेर सरकून भिंतीच्या कडेपर्यंत पोहोचते.

तिसरा, रोलर. इकोव्हॅक्सच्या २०२५ मधील ‘डीबॉट एक्स८ प्रो ओम्नी’सारख्या मॉडेलमध्ये तो आहे. रोलरवर सतत स्वच्छ पाणी पडते आणि मळके पाणी खरवडून वेगळ्या टाकीत जाते. घाण पाणी घरभर पसरण्याचा धोका यात सर्वात कमी.

रोज लादी पुसणाऱ्या घराने फिरत्या पॅडपेक्षा खालच्या प्रकारात पैसे घालू नयेत. सपाट फडक्याचा रोबो केवळ पास्कल जास्त म्हणून महाग मिळत असेल, तर तो सौदा तोट्याचा आहे.

डॉकला एवढे महत्त्व का?

रोबो स्वस्त आणि डॉक महाग, असे या बाजाराचे गणित झाले आहे, आणि ते चुकीचे नाही. डॉक रोबोतला कचरा पिशवीत ओढून घेतो, पोछा धुतो, स्वच्छ पाणी भरतो आणि पोछा गरम हवेने वाळवतो. वरच्या मॉडेलमध्ये धुण्याचे पाणी ६० ते ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जाते. तेलकट डागांसाठी त्याचा उपयोग होतो.

कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर ओला पोछा तसाच राहिला तर दोन दिवसांत कुबट वास सुटतो. त्यामुळे गरम हवेने वाळवण्याची सोय इथे चैन ठरत नाही. पण डॉक म्हणजे देखभालीतून सुटका, असेही नाही. मळक्या पाण्याची टाकी हातानेच ओतावी लागते आणि ती तुंबू दिली तर घरभर दुर्गंधी पसरते. बोअरवेलच्या जड पाण्याने टाकीत आणि बारीक नळ्यांत क्षार साचतात. आपल्याकडच्या सवयीप्रमाणे टाकीत फिनाईल किंवा ब्लीच ओतणे टाळावे. बहुतेक कंपन्या फक्त आपण सुचवलेला क्लीनर वापरायला सांगतात. इतर रसायनांनी रबर आणि पंप खराब झाला, तर वॉरंटीवरून वाद होतो.

जागेचाही विचार हवा. डॉकला समोर मोकळी जागा, जवळ प्लग पॉइंट आणि वाय-फायची रेंज लागते. अनेक रोबो फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडले जातात. कचरा ओढताना डॉक काही सेकंद मोठा आवाज करतो. वन-बीएचकेमध्ये त्याची जागा आधी ठरवावी आणि मग खरेदी करावी.

आपल्या घरांत अडचण कुठे येते?

उंबरठ्यापाशी. बहुतेक रोबो सुमारे २ सेंटिमीटरपर्यंतचा उंबरा ओलांडतात. स्वयंपाकघर, बाथरूम किंवा बाल्कनीचा दगडी उंबरा त्याहून उंच असू शकतो. ड्रीमीच्या ‘एक्स५० अल्ट्रा’ला पायांसारखी यंत्रणा असून दोन टप्प्यांचा ६ सेंटिमीटरपर्यंतचा अडथळा पार होतो, असा कंपनीचा दावा आहे. घरात असे उंबरे असतील तर या सोयीचे पैसे वसूल होतात. सगळ्या खोल्या एका पातळीत असतील तर नाही.

दुसरी अडचण उंचीची. डोक्यावर लेझरचा मनोरा असलेला रोबो साधारण १० सेंटिमीटर उंच असतो. रोबोरॉकच्या ‘सॅरोस १०आर’ने तो मनोरा काढून उंची ७.९८ सेंटिमीटरवर आणली. दिवाण आणि सोफ्याखालची जागा पट्टीने मोजण्यास दोन मिनिटे लागतात. या दोन मिनिटांत बरेच हजार वाचू शकतात.

तिसरी अडचण पसाऱ्याची. चार्जरच्या वायरी, मोजे, खेळण्यांचे तुकडे, दाराशी काढलेली रांगोळी. कॅमेरा असलेले रोबो यातले बरेच ओळखून वळसा घालतात, पण बारीक वायर अजूनही त्यांना चकवते. देवघरापुढची किंवा रांगोळीची जागा अॅपमधल्या नकाशावर ‘प्रवेश बंद’ म्हणून आखता येते. सांडलेली आमटी मात्र रोबोवर सोपवू नये. यातले बहुतेक रोबो सुकी धूळ ओढण्यासाठीच बनवलेले असतात.

कॅमेरा घरात फिरतो, हे चालेल?

हा प्रश्न काल्पनिक नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ने एक प्रकरण उघड केले. आयरोबोटच्या चाचणीतील रोबोंनी टिपलेली, लोकांच्या घरातील अत्यंत खासगी छायाचित्रे समाजमाध्यमांवरील बंदिस्त गटांत पोहोचली होती. त्यात शौचालयात बसलेल्या एका महिलेचे छायाचित्रही होते. ही यंत्रे विक्रीतील नव्हती आणि चाचणीत सहभागी झालेल्यांनी संमती दिली होती, असे कंपनीचे म्हणणे होते. पण आपली छायाचित्रे कोणकोण पाहील, याची कल्पना त्या संमतीतून आली नव्हती, हेही तितकेच खरे.

२०२४ मध्ये अमेरिकेतील काही घरांत इकोव्हॅक्सचे ‘डीबॉट एक्स२’ रोबो हॅकरच्या ताब्यात गेले आणि त्यांच्या स्पीकरमधून वर्णद्वेषी शिव्या ऐकू आल्या. त्याच वर्षी ‘डेफ कॉन’ परिषदेत संशोधकांनी याच कंपनीच्या उपकरणांतील त्रुटी दाखवून दिल्या होत्या.

त्यामुळे कॅमेऱ्याचे मॉडेल घ्यायचे असेल तर ते भाग घालूनच वापरावे. व्हिडीओ पाहण्याची सोय बंद ठेवावी, पासवर्ड वेगळा असावा, झोपण्याच्या खोलीत रोबो कधी जाणार हे ठरलेले असावे. घरात पसारा कमी असेल तर कॅमेरा नसलेला, केवळ लेझरवर चालणारा रोबो हा अधिक शहाणपणाचा पर्याय.

कंपनीच बुडाली तर?

हा धोका सर्वात कमी चर्चिला जातो. नीटो २०२३ मध्ये बंद झाली. क्लाऊड सेवा किमान पाच वर्षे सुरू ठेवू, असे तिची मालक कंपनी वोरवेर्कने सांगितले होते. पण २०२५ मध्येच ती बंद करण्याचा निर्णय झाला. परिणामी धडधाकट रोबो अॅपविना, केवळ बटणावर चालण्यापुरते उरले.

ज्या आयरोबोटने हा बाजार उभा केला, ती विकत घेण्याचा १.७ अब्ज डॉलरचा करार अॅमेझॉनने २०२२ मध्ये जाहीर केला. युरोपीय नियामकांच्या आक्षेपांनंतर जानेवारी २०२४ मध्ये तो सोडून द्यावा लागला. डिसेंबर २०२५ मध्ये आयरोबोटने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि तिचे रोबो बनवून देणाऱ्या चिनी ‘पायसिया’कडे कंपनी सोपवण्याची योजना मांडली. रूम्बावर ही वेळ येऊ शकते, तर कोणत्याही ब्रँडवर येऊ शकते.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांच्या उत्पादकांना सुरक्षा अपडेट किमान किती काळ मिळेल, हे सांगणे बंधनकारक आहे. लाख रुपये घेणाऱ्या कंपन्यांनी भारतीय ग्राहकालाही हे खोक्यावर छापून द्यायला हवे. सुटे भाग किती वर्षे मिळतील, याचाही त्यात उल्लेख हवा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. सफाई रोबोच्या कंपन्यांनीही सुटे भाग, दुरुस्ती आणि वॉरंटीची माहिती तितक्याच उघडपणे द्यायला हवी. सेवा नाकारली गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

पैसे वसूल होतात का?

साधे गणित मांडू. ९० हजारांचा रोबो पाच वर्षे चालला तर महिन्याला १,५०० रुपये पडतात. ५५ हजारांचा असेल तर सुमारे ९०० रुपये. त्यावर कचऱ्याच्या पिशव्या, पॅड, ब्रश, फिल्टर आणि दोन-तीन वर्षांनी कदाचित नवी बॅटरी. रोबो तीनच वर्षे टिकला तर ९० हजारांचा मासिक भार २,५०० रुपये होतो. म्हणून तो किती वर्षे टिकेल हा प्रश्न पास्कलपेक्षा मोलाचा आहे.

केर-लादीसाठी येणाऱ्या मावशींच्या जागी रोबो, असे चित्र जाहिराती रंगवतात. ते दिशाभूल करणारे आहे. रोबो जिना पुसत नाही, खुर्च्या उचलत नाही, जाळी काढत नाही, बाथरूम घासत नाही. तो फरशी रोज बरी ठेवतो, इतकेच त्याचे काम. ज्या घरात दोघेही नोकरी करतात, ज्येष्ठांना वाकता येत नाही, कुणाला धुळीची अॅलर्जी आहे किंवा पाळीव प्राण्याचे केस पडतात, तिथे एवढेही काम मोठे ठरते.

मग निवड कशी करावी?

आधी शहरात सेवा केंद्र आहे का आणि बॅटरी, पॅड, पिशव्या यांची किंमत काय, हे विचारावे. मग फिरता पोछा किंवा रोलर पाहावा. त्यानंतर पोछा धुणारा आणि वाळवणारा डॉक. मग घरातला उंबरा आणि दिवाणाखालची उंची. पास्कलचा आकडा सगळ्यात शेवटी पाहावा. या क्रमाने गेले तर बहुतेक घरांची गरज ५० ते ७० हजारांच्या टप्प्यातच भागते. लाखाच्या मॉडेलमध्ये मिळणारे यांत्रिक पाय, हात आणि वाढीव सक्शन हे तंत्रज्ञान म्हणून कौतुकाचे आहे. पण ज्या घरात त्यांना कामच नाही, तिथे ते कितीही चांगले असले तरी महागच.