मुळशीचा धडा सुरजागडला

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. भांडवल टाटांचे, म्हणजे स्वदेशीच होते. वीज मुंबईला जायची होती. बुडायची होती ती मावळातील भातखाचरे. १८९४ च्या परकीय सरकारच्या कायद्यान्वये कंपनीसाठी जमीन घेताना शेतकऱ्याच्या संमतीची गरजच नव्हती. सेनापती बापटांनी कारावास भोगला, १९२४ पर्यंत लढा चालला. तरी धरण झाले आणि १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजकेंद्र सुरू झाले. स्वदेशी भांडवल परकीय कायद्याच्या आधाराने स्वकीयांवरच चालून गेले, हा सल मात्र उरला.

आज डोंगराळ, लोहखनिजसंपन्न गडचिरोलीत हाच प्रश्न उभा आहे. डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडला माओवाद्यांनी खनिजवाहतुकीची डझनावारी वाहने जाळली. अशांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. परंतु गुंतवणुकीला पोलीस पहारा पुरेसा आहे, असे मानणे हा भ्रम होय. १९९६ च्या पेसा कायद्याने भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी वा पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक केला. २०१५ च्या सुधारणेने खाणबाधितांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आणले. यांस 'विलंब' म्हणणारे उद्योगाचे हितचिंतक कसले? दुखावलेला वनवासी हीच माओवाद्यांची खरी खाण आहे!

राष्ट्राला पोलाद हवेच. पण ज्या डोंगरातून ते निघते, तेथील माणूसही राष्ट्रच आहे. त्याला आधी विचारा, त्याचा वाटा त्याच्या गावात दिसू द्या; मुळशीची पुनरावृत्ती स्वराज्यात शोभत नाही.