‘कॉर्नरपुरता ब्रँडन’ हे अर्धसत्य

मा. संपादक,

फुटबॉलपटू ब्रँडन फर्नांडिस ‘कॉर्नर-फ्री-किकपुरता खेळाडू’ आहे, हे आपल्या अंकातील लेखाचे मत पुराव्यावर टिकत नाही.

१) आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत भारतीय क्लबचा पहिला गोल ‘परदेशी खेळाडूचा’ असे लेखक लिहितात. एप्रिल २०२१ मध्ये एफसी गोवाकडून पर्सेपोलिसविरुद्धचे हेडर एदू बेदियाचे होतेच. पण ज्या फ्री-किकवर ते झाले ती ब्रँडनची होती. तिचा उल्लेख का नाही?

२) ‘मोठ्या सामन्यात दिसत नाही,’ असेही लेखक म्हणतात. २०१९ च्या सुपर कप अंतिम सामन्यात चेन्नईयिनला एफसी गोवाने २-१ हरवले. निर्णायक गोल ब्रँडनचाच.

३) स्थिर चेंडूवरचे कौशल्य दुय्यम कसे? ऑक्टोबर २०१९ मध्ये कोलकात्यात बांगलादेशविरुद्ध भारताच्या आदिल खानने ८८ व्या मिनिटाला बरोबरी साधली. पुढच्याच महिन्यात दुशान्बेत अफगाणिस्तानविरुद्ध डुंगेलने भरपाई वेळेत तेच केले. दोन्ही कॉर्नर ब्रँडनचे. महिन्याभरात दोनदा भारताची हार टळली.

४) चेंडू गेल्यावर तो मागे धावायला मंद आहे, एवढे मान्य. पण ते काम बचावात्मक मिडफिल्डरचे; ब्रँडनचे काम चाली रचण्याचे. आयएसएलमधील क्लब चाली रचण्याची जागा बूमू, स्टुअर्ट अशा परदेशी खेळाडूंना देत आले. त्या गर्दीत २०१७ ते २०२४ या काळात मडगावच्या या खेळाडूने गोव्याच्या संघात स्थान राखले.

धावण्याचे किलोमीटर मोजण्याआधी लेखकाने त्याचे पास मोजावेत.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, सोलापूर