स्वस्तात जीव घेणे म्हणजे काटकसर नव्हे



मागच्या आठवड्यात आपल्या बायकांच्या मोबाइलवर एक ‘काटकसरीचा उपाय’ फिरत होता. साखरेत बोरिक पावडर कालवा, गोळ्या करून कोपऱ्यात ठेवा, दहा रुपयांत मुंग्या साफ. त्याखाली हात जोडलेली चित्रे. पाठवणारी रोज देवदर्शनाशिवाय पाणी घेत नाही. हात जोडणाऱ्यांपैकी अर्ध्या जणींचा रात्रीभोजनाचा त्याग आहे. मला राग आला तो एका बाईचा नाही, आपल्या सगळ्यांच्या सवयीचा. बटाटा चिरताना आपण दहादा विचार करतो, आणि मुंगीला गोड विष घालताना एकदाही नाही.

काटकसर वाईट आहे असे मी म्हणत नाही. आपल्या आज्या-सासवा काटकसरीनेच संसार करत होत्या. पण त्यांच्या युक्त्या नीट आठवून बघा. त्यातली जवळजवळ प्रत्येक युक्ती जीव होऊच नये यासाठी होती. झालेला जीव मारण्याची त्यांना घाई नव्हती. आपण मात्र आधी घाण साचू देतो आणि मग स्वस्त विष शोधतो.

आपला भंडारा जिल्हा धानाचा. दिवाळीनंतर नवे तांदूळ घरात येतात आणि वर्षाचे पोते भरून ठेवण्यात आपल्याला मोठेपणा वाटतो. पावसाळ्यात त्यात सोंडे होतात, मग पुन्हा बोरिक पावडर. किडा दाण्यातच मरतो आणि पोटात गेली तर बाधणारी ती पावडर आपल्याच ताटाजवळ येते. यात बचत कुठली? त्यापेक्षा दोन-तीन महिन्यांपुरतेच तांदूळ घ्या. डबा पूर्ण कोरडा करून, घट्ट झाकणाचा वापरा. परसातल्या कडुनिंबाचा पाला सावलीत कडकडीत वाळवून, फडक्यात बांधून तळाशी आणि वर ठेवा. ओला पाला घातला तर ओल वाढून किडे उलट लवकर होतात. तांदळाला कडक ऊन दाखवू नका, दाणा तडकतो. गहू आणि तूरडाळ मात्र उन्हात वाळवून, पूर्ण गार करून भरा. डाळीला एरंडेलाचा हात फिरवला की दाण्यावर अंडी घालणे किड्याला अवघड जाते.

पिठाची मर्यादा तर आपल्याला ठाऊकच आहे: हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5, पावसाळ्यात 3. ही मर्यादा सोवळ्याची कटकट नाही. लागेल तेवढेच दळले तर पीठ वाया जात नाही, त्यात जाळी होत नाही, टाकावेही लागत नाही. धर्म आणि पैसा दोन्ही एकाच डब्यात सांभाळले जातात.

मुंग्यांचेही तसेच. रात्री ओटा कोरडा पुसा, सांडलेला साखरेचा कण उचला, साखरेच्या डब्यात चार लवंगा टाका. रांग दिसलीच तर मऊ फडक्याने हलकेच बाजूला करा, आणि त्या जिथून येतात तिथे हळदीची रेघ ओढा. याला दहा रुपयेसुद्धा लागत नाहीत.

पितळेसाठी आपला भंडारा ओळखला जातो, आणि आपण आजीचे गुंड मोडीत देऊन प्लास्टिकचे पिंप आणतो, घासायला वेळ नाही म्हणून. वरणातून पिळून उरलेली चिंच, रस काढलेली लिंबाची साल आणि चिमूटभर राख एवढ्यात पितळ लखलखते. धुऊन लगेच कोरडे पुसले की लवकर काळे पडत नाही.

एक गोष्ट मात्र काटकसरीत बसवू नका. जुन्या सुती लुगड्याची गोधडी करा, पुसणी करा, पण पाणी गाळायला ते झिजलेले कापड घेऊ नका. गाळणे जाड हवे, दुहेरी हवे, त्यातून सूर्य दिसता कामा नये. आणि जिवाणी मोरीत ओतू नका, जिथले पाणी तिथेच पोहोचवा. काही ठिकाणी पैसा वाचवणे हेच पाप असते.

आता तुम्ही विचाराल, मग लेकराला डेंग्यू होऊ द्यायचा का? मुळीच नाही. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टाळता येत नाही, हे शास्त्रच सांगते. सोडायची आहे ती संकल्पी हिंसा. पण डेंग्यूचा डास येतो कुठून? साचलेल्या स्वच्छ पाण्यातून. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. उन्हाळा संपला तरी आपल्या कूलरच्या टाकीत पाणी तसेच, कुंडीखालच्या ताटलीत पाणी, गच्चीवरच्या फुटक्या बादलीत पाणी. पहिल्या पावसाआधी कूलर रिकामा करून कोरडा पुसला, भांडी पालथी घातली, पिंपांवर कापड बांधले आणि मच्छरदाणी लावली, तर फवारणीची पाळी फारशी येत नाही. आधी आळस करायचा आणि नंतर ‘नाइलाज’ म्हणायचे, हा नाइलाज नव्हे.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वामींनी हिंसेची व्याख्या करताना आधी प्रमाद सांगितला आहे, मग प्राणघात. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली हिंसा विषाच्या पुडीत सुरू होत नाही. ती काल रात्री न पुसलेल्या ओट्यावर सुरू होते.

म्हणून एक विनंती आहे. यापुढे घरगुती उपाय पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा: याने जीव होणे थांबते, की झालेला जीव मरतो? दुसरे असेल तर ते कितीही स्वस्त असो, आपल्याला महागच आहे.

कठोर बोलले गेले असेल तर उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.