पहिला संशयित सुटला पाहिजे

दूरचित्रवाणीवरच्या गुन्हेगारी मालिकांवर दोन आरोप नेहमी होतात. पहिला, त्या साचेबद्ध असतात. दुसरा, त्या लोकांना गुन्हे करायला शिकवतात. मध्य प्रदेशातल्या धार, देवास किंवा माहीकाठच्या आमच्या सरदारपुरातल्या मराठी घरांतही हे दोन्ही आरोप ऐकू येतात. मला दोन्ही अमान्य आहेत. या मालिकांचा खरा दोष वेगळाच आहे आणि टीकाकारांचं नेमकं त्याच्याकडे लक्ष जात नाही.

आधी साच्याबद्दल. कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग ठरलेले असतात, पण म्हणून कीर्तन शिळं होत नाही. साचा माहीत असलेला श्रोताच बुवांचं कसब ओळखतो. रहस्यकथेचंही तेच आहे. बी. पी. सिंग यांनी मुंबई दूरदर्शनसाठी मराठीत 'एक शून्य शून्य' ही मालिका केली, तेव्हा पोलिसांचा दूरध्वनी क्रमांकच शीर्षक झाला. पहिलं दृश्य दिसण्याआधीच प्रेक्षकाला कळत होतं, की आज कुणीतरी संकटात आहे आणि कुणीतरी धावून येणार आहे. त्याच सिंग यांनी १९९८ साली 'सीआयडी' सुरू केली आणि 'एक शून्य शून्य'मधले शिवाजी साटम इथे एसीपी प्रद्युम्न झाले. ही मालिका सलग २०१८ पर्यंत चालली, भाग दीड हजारांच्या वर गेले.

तिचा एखादा भाग आठवून पाहा. सुरुवातीलाच प्रेत सापडतं. प्रद्युम्न हवेत बोटं फिरवत म्हणतात, 'कुछ तो गड़बड़ है.' प्रयोगशाळेत डॉ. साळुंखे आणि त्यांची जुगलबंदी होते. त्यांच्या पथकातला दया दरवाजा तोडतो. एवढं सगळं ठरलेलं असल्यामुळे प्रेक्षकाचं सारं लक्ष न ठरलेल्या एकाच गोष्टीवर लागतं: हे केलं कोणी? रक्तपाताच्या ओढीने लोक या मालिका पाहतात, हे म्हणणं इथे टिकत नाही. खून क्षणात उरकतो, बाकी सारा वेळ विचारपूस, पुरावे आणि तर्क यांत जातो. प्रेक्षक तपासात सामील व्हायला बसलेला असतो.

आता दुसरा आरोप. 'क्राइम पेट्रोल' खऱ्या घटनांवर बेतलेली. तिचा निवेदक कथा मध्येच थांबवतो आणि विचारतो, की ही खूण शेजाऱ्यांना दिसली नाही का, घरच्यांनी ही तक्रार हसण्यावारी का नेली? तिथे धडा मिळतो तो सावधपणाचा. २०२० साली झी मराठीवर आलेल्या 'देवमाणूस'ने तर खुनी कोण हे लपवलंच नाही. अमेरिकेत 'कोलंबो' मालिकेने १९७१ पासून हीच वाट रुळवली होती. 'देवमाणूस'मधला गावाचा लाडका डॉक्टर खुनी आहे हे आपल्याला ठाऊक असतं, गावाला नसतं. मालिकेतल्या सरू आजीच्या म्हणींवर हसता हसता आपण अस्वस्थ होतो, कारण गावाचा आंधळा विश्वास आपल्या ओळखीचा असतो. मालिका रोजची असली की खुन्याला लवकर पकडता येत नाही आणि हळूहळू तोच नायक वाटू लागतो, ही अडचण मला मान्य आहे. पण तो दोष रोज चालवण्याच्या हिशेबाचा आहे, कथाप्रकाराचा नाही.

मग या प्रकाराचं बळ कशात आहे? माझं उत्तर स्पष्ट आहे: पहिल्या संशयावर विश्वास ठेवू नये, हे तो पुन्हा पुन्हा शिकवतो. मुरलेल्या प्रेक्षकाला माहीत असतं, की पंधराव्या मिनिटाला धरलेला नोकर किंवा ड्रायव्हर शेवटी सुटणार आणि दिवाणखान्यातला प्रतिष्ठित भागीदार अडकणार. गरिबी, पेहराव, जुना गुन्हा, यांतलं काहीच पुरावा ठरत नाही.

सरदारपूरसारख्या ठिकाणी हा धडा मोलाचा आहे. इंग्रजांच्या काळात इथे माळवा भिल्ल पलटणीची छावणी होती. त्याच राजवटीने १८७१ साली अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो १९५२ साली रद्द झाला, पण चोरी झाली की आधी पालावर आणि पाड्यावर नजर वळवायची सवय रद्द झालेली नाही. चांगली रहस्यकथा या सवयीच्या थेट विरुद्ध उभी राहते.

आणि म्हणूनच खरा दोष बोचतो, तो म्हणजे थप्पड. 'सीआयडी'त पुरावे जमवत, तर्क लढवत आलेला तपास शेवटी दयाच्या एका तडाख्यावर येऊन संपतो आणि आरोपी घडाघडा कबुली देतो. भारतीय पुरावा कायदा १८७२ चा. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, असं त्याचं कलम २५ सांगत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याच्या कलम २३ मध्येही तीच तरतूद आहे. कोठडीतल्या छळाला आळा घालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली नियम घालून दिले. थपडेसमोर निर्दोष माणूसही गुन्हा कबूल करतो, हे या तरतुदींमागचं शहाणपण. पंचेचाळीस मिनिटं संशयाची शिस्त शिकवायची आणि शेवटच्या मिनिटात ती मोडायची, हा मालिकेने स्वतःच्याच साच्याशी केलेला दगा आहे.

थप्पड नसली तर रंगत जाईल, ही भीती खोटी आहे. १९९० साली सुरू झालेल्या 'लॉ अँड ऑर्डर'ने अर्धा भाग पोलिसांना आणि अर्धा न्यायालयाला दिला आणि ती मालिका वर्षानुवर्षं चालली. उलटतपासणीत पुरावा टिकतो की कोसळतो, यातही तितकंच नाट्य असतं.

मराठी लेखकांना माझी विनंती आहे: साचा सोडू नका. प्रेत, प्रयोगशाळा, तुटणारा दरवाजा, सगळं राहू द्या. फक्त कबुली पुराव्याच्या जोरावर मिळवा आणि कथा न्यायालयाच्या दारापर्यंत न्या. आणि प्रेक्षकांना एवढंच सांगतो, की पडद्यावर पहिल्या संशयिताला तुम्ही जो धीराने वेळ देता, तोच आपल्या गावातल्या माणसालाही द्या.