घुमट आणि गावगाडा

सहल म्हटली की आमच्या उर्दू शाळांना विजापूरचा गोलघुमटच आठवतो. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठाचे सिद्धगिरी ग्रामजीवन संग्रहालय सुचवले, तर शिक्षक-पालकांत कुजबुज: "पुतळे आहेत तिथे. शिवाय मठ!"

अहो, ते पुतळे पूजेचे नाहीत. उघड्या रानात बलुतेदारांचा गावगाडा मांडलाय. स्वीडनमध्ये 1891 साली स्कानसेन उभे राहिले, त्यानंतर जगभर अशी खुली संग्रहालये झाली. परदेशी गेलेले आपले लोक तिथे तिकीट काढून हौसेने फोटो काढतात. कणेरी म्हटले की मात्र ईमान धोक्यात!

आणि हा गावगाडा परका कधीपासून झाला? साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने 1826 च्या मराठ्यांच्या इतिहासात बारा बलुतेदार दिलेत. त्यांत मुलाणा आहे. मशीद सांभाळणारा, निकाह लावणारा हा माणूस सुतार-लोहारांसारखाच गावाकडून बलुते घेई. मिरजेत तलवारींना धार लावणारे शिकलगार सतारी घडवू लागले. 2024 साली त्या सतारीला भौगोलिक मानांकन मिळाले.

मुलाणी, शिकलगार, आतार, तांबोळी, मणेर ही नावे मी रोज हजेरीत पुकारते. पोरांना अर्थ विचारा, गप्प. आदिलशहांची नावे तेवढी पाठ! राबणाऱ्या आजोबाची लाज आणि बादशहाशी नाते, हा कुठला न्याय?

सहल कणेरीलाच न्यावी. आपले कोण तिथे आहेत, कोण नाहीत, ते मुलांनी वहीत टिपावे. कुणी राहिले असेल तर संग्रहालयाला पत्र लिहावे. मराठीत.