टायपिस्ट बाई विश्वविजेती होते तेव्हा

गेल्या रविवारी शेंद्र्यात आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात बैठक होती. बैठक संपली तशी पोरांनी कॅरम बोर्ड काढला, पावडर टाकली, चौघे खेळायला बसले आणि आठ-दहा जण भोवती उभे राहिले. दारात नववीतली एक मुलगी उभी होती. आम्ही विचारले, "काय गं, कोणाला बोलवायला आलीस?" ती म्हणाली, "काका, मला पण एक डाव खेळायचाय." पोरे हसली. एक जण म्हणाला, "जा, घरी भांडी घास." आणि खरे सांगायचे तर आम्हीही गप्प राहिलो. बोर्ड वर्गणीतून आणलेला. पावत्या आम्हीच फाडल्या होत्या आणि त्यात त्या मुलीच्या आईचेही पन्नास रुपये होते.

घरी आल्यावर ही गोष्ट मनाला टोचत राहिली. म्हणून वाचक बंधु-भगिनींनो, आज आम्ही एका टायपिस्ट बाईंची हकिकत सांगणार आहोत.

त्यांचे नाव उमादेवी नागराज. बंगळूरच्या. कर्नाटक सरकारच्या फलोत्पादन खात्यात त्या टायपिस्ट म्हणून नोकरीला होत्या. आम्हीही कारकुनी करतो, त्यामुळे दिवसभर टेबलाला जखडून राहणे म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात, वयाच्या तिशीत, त्या ऑफिस सुटल्यावर सचिवालय कर्मचाऱ्यांच्या क्लबात टेबल टेनिस खेळायला जात. एकदा ते टेबल रिकामे नव्हते. शेजारी बिलियर्ड्सचे टेबल होते. वाट पाहता पाहता त्यांनी तिथली काठी हातात घेतली. पुढे घर आणि नोकरी सांभाळून त्यांनी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली आणि 2012 साली, चाळिशी ओलांडल्यावर, त्या महिलांच्या बिलियर्ड्समध्ये विश्वविजेत्या झाल्या.

आता हा खेळ कसा असतो ते थोडक्यात सांगतो. ज्याला कॅरम समजतो त्याला हा समजायला वेळ लागत नाही. स्ट्रायकरऐवजी पांढरा चेंडू आणि बोटाऐवजी लांब काठी. टेबल बारा फूट लांब, सहा फूट रुंद, वर हिरवे कापड. बिलियर्ड्स तीन चेंडूंचा. स्नूकरमध्ये पंधरा लाल, सहा रंगीत आणि एक पांढरा. लाल घातला की एक गुण, काळा घातला की सात. पूलचे टेबल याहून लहान असते. ताकदीचे काम फारसे नाही. नजर, हिशेब आणि स्थिर हात लागतो. ज्या आयाबहिणी सुईत दोरा ओवतात आणि कंपनीत बारीक सुटे भाग जोडतात, त्यांना हे जमणार नाही असे कोण म्हणेल?

मग बायका या खेळात इतक्या कमी का? कारण टेबल त्यांच्या हाती नव्हते. स्नूकरचा खेळ 1875 च्या सुमारास जबलपूरला इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये सुरू झाला असे सांगतात. तिथून तो जिमखान्यात आणि बड्यांच्या क्लबात गेला. पुढे गल्लीत पूल पार्लर आले, तर तिथे सिगारेटचा धूर आणि पैजा. आपल्या लेकीला तिथे कोण पाठवील? आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असे समजू नका. इंग्लंडमध्ये 2019 साली रिबेका केना या खेळाडूला स्थानिक लीग सोडावी लागली, कारण काही क्लबांत स्नूकरच्या खोलीत बाईला प्रवेशच नव्हता.

त्याच देशातल्या डडली गावची रिअ‍ॅन इव्हान्स. तेराव्या वर्षी खेळू लागली. 2005 ते 2014 अशी सलग दहा वर्षे ती महिलांची विश्वविजेती होती. पुढे 2016 आणि 2019 साली आणखी दोनदा, म्हणजे एकूण बारा वेळा. मुलगी लहान, तिला वाढवायची जबाबदारी एकटीवर, तरी खेळ सुटला नाही. 2010-11 च्या हंगामात तिला पुरुषांबरोबर खेळायची संधी मिळाली, तेव्हा ती एकूण एक सामने हरली. लोकांनी नावे ठेवली. पण 2013 साली तिने पुरुष खेळाडूला हरवून चीनमधल्या वूशी येथील मोठ्या स्पर्धेची मुख्य फेरी गाठली. असे करणारी ती पहिली बाई.

आता पैशाचे ऐका. 2014 साली पुरुषांच्या विश्वविजेत्याला तीन लाख पौंड मिळाले. त्याच वर्षी रिअ‍ॅनने दहावे विजेतेपद मिळवले, पण तिच्या बक्षिसाची रक्कम त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकीही नव्हती. म्हणून आम्ही कोणाला खोटी आशा दाखवत नाही. या खेळावर बाईचे पोट भरेलच असे नाही. उमादेवींनी नोकरी सोडली नाही, हेही लक्षात ठेवा. शिक्षण आधी, हे आम्ही पहिल्यापासून सांगत आलो आहोत. मात्र खेळाने शिक्षण बुडतेच असेही नाही. आपल्या राज्यात गुणवंत खेळाडूंना सरकारी नोकरीत 5 टक्के आरक्षण आहे. कोणता खेळ आणि कोणती स्पर्धा त्यात बसते, ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधीच विचारून घ्यावे.

दिवस बदलत आहेत. नोव्हेंबर 2025 मध्ये चेन्नईच्या अनुपमा रामचंद्रन हिने दोहा येथे हाँगकाँगच्या नामवंत खेळाडूला हरवून जागतिक महिला स्नूकर स्पर्धा जिंकली. ही स्पर्धा जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री.

आपल्या वस्तीत बारा फुटी टेबल येणार नाही, हे आम्हाला कळते. पण कॅरम बोर्ड तर आहे ना? उमादेवींच्या क्लबाचे दार कर्मचारी बाईला उघडे होते, म्हणून ती काठी त्यांच्या हाती आली. ते दार बंद असते तर त्या आयुष्यभर टायपिस्टच राहिल्या असत्या आणि त्यांच्या हातात काय गुण आहे ते कोणालाच, अगदी त्यांनाही, कळले नसते.

तेव्हा आम्ही कमिटीपुढे ठराव ठेवला आहे. रोज संध्याकाळी पाच ते सात बोर्ड मुलींचा आणि बायकांचा. त्या वेळेत किल्ली महिला मंडळाकडे. पोरांनी सात नंतर यावे. दोघा-तिघांनी कुरकुर केली, करू द्या. ठराव पुढच्या रविवारी मताला येईल आणि ज्या आयाबहिणींनी वर्गणी दिली आहे त्यांनी मत द्यायला यावे, ही विनंती.

त्या मुलीला आम्ही निरोप धाडला आहे. पहिला डाव तिचा. समोर आम्ही बसणार. आमचा नेम काही धड नाही, तेव्हा हरायची तयारी ठेवली आहे.